चूल काढली, बाय

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी चूल काढली. गणपतीत तुम्हा मायलेकींची या चुलीवरून जुंपली तेव्हा मी मुद्दामच मध्ये पडलो नव्हतो. आईने आधी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि गोठ्यात जाऊन बसली. दादाने पहार घातली. वरची माती हाताने सुटली, आतली भाजून विटेसारखी लाल. सगळी माडांच्या बुंध्यात टाकली. वैलाचा एक तुकडा आईने लपवून ठेवलाय, तिला विचारू नकोस.

न्हाणीमागची पाण्याची चूल ठेवली आहे. ती उघड्यावर आहे, त्यावरून पुन्हा भांडण नको. काका म्हणतात, धूर गेला की वाशांना वाळवी लागणार. खोटं नाही ते, काजळीनेच छप्पर राखलं इतकी वर्षं. काजूच्या टरफलांचं तेल मारून घेतोय. माळ्यावरची सुकी मासळी आणि बियाणं पावसात कसं टिकवायचं, ते आई बघेल.

आई श्वासाचा पंप नेमाने घेते, पण नंतरची गुळणी विसरते. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ‘विडी? मिस्री?’ विचारलं तेव्हा तू ताडकन ‘चूल’ म्हणालीस. मला सुचलं नसतं. जिने जन्मभर फुंकणीने ओली लाकडं पेटवली, तिला त्यांच्या तपासणीच्या नळीत सहा सेकंद सलग फुंकता येईना. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार. गेलेलं परत येत नाही म्हणाले, पुढचं आवरता येतं.

बाय, तू कधी फुंकलंस का त्या नळीत? सहज विचारतोय.

दहावीचा सगळा पावसाळा तू चुलीपुढे काढलास. घरभर ओल, तेवढीच काय ती ऊब. पाटावर बसून प्रमेयं घोकायचीस, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आई म्हणायची, बघा कशी मन लावून अभ्यास करते. केंद्रात पहिली आलीस तेव्हा पेढे वाटत मी पार एसटी स्टँडपर्यंत गेलो होतो. त्याआधी तर आईच्या मांडीवरच असायचीस, तिथेच, धुरात.

परवा फोनवर खोकलीस. पुण्याची हवा म्हणालीस. असेल. पण खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवत जाऊ नकोस, मच्छरदाणी बांध. उदबत्ती देवापुरती. फोडणीच्या वेळी पंखा लाव, छोटीला ओट्याजवळ घेऊ नकोस, आणि जिना चढताना दम लागत असेल तर वजन वाढलंय म्हणून सोडून देऊ नकोस... झालं, लागलो मी शिकवायला. तू माझ्याहून शिकलेली. राग मानू नकोस.

आई खुशाल आहे. गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणते, पण खाते.

दिवाळीला याल तेव्हा त्या फुंकायच्या तपासणीचा कागद घेऊन ये. तुझा, आईचा नव्हे. जावईबापूंना मी अजून काही बोललेलो नाही, पण कागद नसला तर बोलेन.

तुझे,
बाबा