मनूच्या संशोधनाबद्दल, बाबांना

ग्लॉस्टर, एप्रिल

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

मनू एमएस्सीनंतर माशांवर संशोधन करायचं म्हणते, आणि तुम्ही विचारलंत, "पण खाणार काय?" प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा नीट लिहिते.

सध्या इथे सेव्हर्न नदीत वामीची, म्हणजे सापासारख्या लांब माशाची, पिल्लं चढताहेत. उधाणाच्या भरतीला रात्री काठावर उभं राहिलं की टॉर्चच्या उजेडात आधी नुसते काळे डोळे दिसतात. अंग काचेसारखं, आतलं काळीजसुद्धा दिसतं. बोटाएवढा जीव, येतो पार अटलांटिकच्या पलीकडच्या बाजूच्या सारगासो समुद्रातून! १९८० च्या आसपास युरोपात जेवढी पिल्लं यायची, त्याच्या दहा टक्केही आता येत नाहीत. बंधाऱ्यावर ब्रशसारख्या केसांची पट्टी तिरकी बसवून वरून पाणी झिरपत ठेवलं, की ती वळवळत वर चढतात. अशी कामं शिकणारी मुलंही करतात, आणि त्यासाठी पैसा देणाऱ्या संस्था आहेत.

इथली फिशरीज सोसायटी ऑफ द ब्रिटिश आयल्स १९६७ पासूनची. ती पीएचडीची शिष्यवृत्ती, छोट्या कामांना अनुदान आणि परिषदेला जायला प्रवासखर्च देते. पण मनूला जास्त उपयोग लंडनच्या रफर्ड फाउंडेशनचा. तो पैसा आपल्यासारख्या देशांतल्या निसर्गरक्षणाच्या कामासाठीच असतो. कॉलेजची फी त्यातून भरता येत नाही; नदीवर जाणं-येणं, जाळी, मदतनिसाची मजुरी, गावातल्या बैठका यांना तो मिळतो. तीन जाणकारांची नावं द्यावी लागतात. पहिल्या अनुदानाचा हिशेब आणि अहवाल चोख दिला की पुढचं मागता येतं. अबू धाबीचा मोहम्मद बिन झायेद फंड एखाद्या प्रजातीसाठी २५,००० डॉलरपर्यंत देतो.

हा सगळा कामाचा पैसा. पोटापाण्यासाठी फेलोशिप वेगळी: लाइफ सायन्सेसची नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांची फेलोशिप, मिळाली, की २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. म्हणून तिने आधी नेटचा अभ्यास मनापासून करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जात "सह्याद्रीतले मासे" एवढं मोघम लिहून भागत नाही. एक मासा, एक नदी, एक प्रश्न हवा. आपल्या वाळणकोंडीचंच बघा. काळ नदीच्या त्या डोहात वरदायिनी देवीच्या नावाने महसीर मासे राखलेत, तिथे कुणी गळ टाकत नाही. पण मासा डोहाबाहेर गेला की त्याला कोण राखणार? पावसाळ्यात तो कुठवर जातो, उन्हाळ्यात पाणी किती उरतं, हे मोजून काढायचं काम मनूच्या आवाक्यातलं आहे. मला तर हे वामीइतकंच मोलाचं वाटतं.

आणि बाबा, इथे तुमची गरज आहे. गावकऱ्यांची आणि देवस्थानची संमती नसेल तर त्या पाण्यात पाय घालणंही बरोबर नाही. तिथली मंडळी तुमच्या शब्दाला मान देतात. पाऊस लागायच्या आत मनूला घेऊन जा, जुन्या माणसांना विचारा, पूर्वी मासे किती मोठे असायचे, कुठे दिसायचे. तिने ते लिहून घेऊन दोन पानांचा कच्चा मसुदा मला पाठवावा. मी इथून तपासून देईन.

आईला सांगा, कोकमं मिळाली.

तुमची,
सुमा