मॉथसाठी एक फॉइल हवंय: पर्थमधल्या मराठी मंडळींना आवाहन

मंडळी, नमस्कार.

गेल्या हंगामात आमच्या पालक गटाने मुलांसाठी एक जुनी मॉथ घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: एका माणसाची शिडाची होडी, लांबी जेमतेम ११ फूट, सगळा सरंजाम धरून वजन ३० किलोच्या आसपास. वारा ८-१० नॉट झाला की ती पाण्याबाहेर उठते आणि खालच्या दोन फॉइलवर, म्हणजे उलट्या ‘टी’सारख्या पंखांवर, पळत सुटते. कसलेल्या माणसाच्या हातात ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. आमच्या मुलांच्या हातात सध्या कानात वारं शिरलेलं वासरू.

फेब्रुवारीत पेलिकन पॉइंटजवळच्या वाळूवर तिचं मुख्य फॉइल आपटलं. होडी चालवणाऱ्या पोरीची चूक नाही. होडीखाली जवळपास मीटरभर फॉइल असतं, हे विसरून किनाऱ्यावरून ‘ये, ये’ करणारे आम्हीच.

फॉइल चिकटवून घेतलं, पण मागच्या कडेचा फ्लॅप, म्हणजे वर-खाली हलणारी पट्टी, अडकतो, आणि सगळा खेळ त्या फ्लॅपचाच आहे. होडीच्या नाकाशी वाँड नावाची एक काडी पाण्यावर घासत असते. होडी खाली बसली की वाँड मागे रेटला जातो, आतला दांडा फ्लॅप खाली वळवतो आणि होडी उचलली जाते. फार वर गेली की फ्लॅप उलटा फिरतो. दांड्याचा स्क्रू अर्धा फेरा जास्त पिळला, तर होडी उधळते, फॉइल हवा पितं आणि पोर थेट नाकावर. मुलांनी वही ठेवली आहे: वारा किती, कोणाचं वजन किती, वाँड केवढा, स्क्रूचे फेरे किती. शेवटच्या पाच पानांवर एकच शेरा, ‘फ्लॅप अडकला’. शर्यतीत पहिल्या वळणाआधीच मागे पडायला होतं.

हे सगळं पर्थमध्ये अडून राहावं याचं जास्त वाईट वाटतं. मॉथला आजच्या पद्धतीचे फॉइल बसवून उडवणारे इलेट बंधू इथलेच. २०१९ची जागतिक स्पर्धाही इथे स्वान नदीवरच झाली.

वापरलेलं पण धड फॉइल, वाँडचे सुटे भाग आणि मुलांसाठी चार लाइफ जॅकेट यांना मिळून ६,५०० डॉलर लागतील. २,९०० जमले आहेत. कितीही द्या, पावती मिळेल, आणि हिशेब दिवाळीच्या कार्यक्रमात फळ्यावर लावू.

पैशांपेक्षा माणसं कमी आहेत, हे मात्र स्पष्टच सांगतो. उन्हाळ्यात दुपारी फ्रीमँटल डॉक्टर, म्हणजे इथला समुद्रावरून येणारा जोरदार वारा, सुटला की पाण्यावर बचावाची मोटरबोट लागतेच, आणि ती चालवायचं लायसन्स आमच्यात फक्त दोघांकडे आहे. कोणी कार्बन फायबरचं काम जाणणारं असेल तर पायघड्या घालू. काहीच येत नसेल तरी चालेल. फॉइल ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी मारत, नखाला ओरखडा लागेनासा होईपर्यंत घासायचं असतं. हे काम पोहे निवडण्याइतकंच कंटाळवाणं आहे आणि गप्पा मारत छान होतं.

ऑक्टोबरपासून दर शनिवारी सकाळी ८ वाजता नदीकाठी असतो. होडी आडवी करून छातीभर पाण्यात न्यावी लागते, तेव्हा भिजायचे कपडे आणा. चहा आमच्याकडे.