सूचना : इलेक्ट्रम हेक्टे घेण्यापूर्वी

सभासदांना नम्र विनंती. येत्या लिलावांत बोली लावण्याआधी हे वाचावे.

फोकाया आणि मिटिलिनी या प्राचीन ग्रीक शहरांचे इलेक्ट्रमचे (सोने-चांदीच्या मिश्रधातूचे) हेक्टे हे नाणे, म्हणजे स्टेटर या मोठ्या नाण्याचा सहावा भाग, वजनाने साधारण 2.5 ग्रॅम आणि जेमतेम 10 मिमी व्यासाचे असते. खोटे नाणे ओळखण्यासाठी घनता मोजायची तर 0.01 ग्रॅमचा काटा कामाचा नाही. सुमारे 40 टक्के सोन्याच्या मिश्रणाची घनता 13 (ग्रॅम प्रति घन सेंमी) च्या आसपास येते, म्हणजे नाणे पाण्यात 0.2 ग्रॅमही हलके होत नाही, त्यात 0.01 ची चूक झाली तरी उत्तर 5 टक्क्यांनी हुकते. काटा 0.001 चाच हवा. नाणे बारीक धाग्याने टांगा, बुडबुडे ब्रशने काढा, तीनदा मोजा. 10.5 च्या जवळ आकडा आला तर आत चांदीचा गाभा, वर नुसता मुलामा. मात्र योग्य घनता म्हणजे अस्सलपणा नव्हे. खोटी नाणी खऱ्या मिश्रधातूतही पाडतात, म्हणून त्याच साच्यातून निघालेली हुबेहूब नाणी जुन्या लिलाव-यादीत शोधाच.

पुरवठ्याबद्दल : जमिनीत पुरलेल्या नाण्यांचा एखादा साठा बाजारात आला की तोच प्रकार लागोपाठ विक्रीस येतो आणि भाव उतरतो. घाई नको. तुर्कस्तानात 1983 च्या 2863 क्रमांकाच्या कायद्याने जमिनीतून निघालेली नाणी सरकारची असतात. जुनी विक्री-पावती नसेल तर सोडून द्या, कितीही देखणे असो.

भारतात आलेले शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे तपासणीसाठीही सहज बाहेर पाठवता येत नाही. तपासणी नाणे भारतात आणण्यापूर्वी परदेशातच उरका.