धोटा का उडतो, हे कुणीतरी विचारायला हवं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत दप्तराविना दिवस झाले. त्यातला एक दिवस सोलापूरच्या वस्त्रोद्योगासाठी होता. त्या दिवशी मुलांना वर्गातच बसवून पडद्यावर हातमागाची चित्रफीत दाखवली आणि प्रकल्पाची वही करून आणायला सांगितली. नातीने दुकानातून चादरी-टॉवेलची छापील चित्रं आणली, कापून चिकटवली आणि ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, असं सुबक अक्षरात लिहिलं. ‘उत्तम’ असा शेरा मिळाला. ही शाळा पूर्व भागात आहे. खिडकी उघडली की यंत्रमागांची खटखट वर्गात ऐकू येते.

वही बघून मी तिला विचारलं, "ताण्याचा धागा तुटला तर काय करतात गं?" ती म्हणाली, "ताता, ते व्हिडिओत नव्हतं."

मी चाळीस वर्षं मागांवर काढली, त्यातली अठ्ठावीस जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा मिस्त्री म्हणून. मला त्या उत्तराचं फार वाईट वाटलं. मुलीची चूक काहीच नाही. तिला जे दाखवलं ते तिने मन लावून लिहिलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा गावातल्या जाणत्या माणसांच्या हाताखाली शिकावं, असं म्हटलं आहे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला होता, त्यालाही आता नव्वद वर्षं होत आली. म्हणजे गोष्ट नवीन नाही. ती आपण कशी करतो, एवढाच प्रश्न आहे.

मुलांना कामाला लावा, असं मात्र माझं म्हणणं नाही. मी स्वतः अकराव्या वर्षी कांड्या भरायला, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायला बसलो. अम्मा शेजारी बसायची, दिवसभर चरखा फिरायचा. चार वर्षं ते काम केलं आणि हात चपळ होण्यापलीकडे मला काहीही आलं नाही. त्याला मी शिक्षण म्हणणार नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे ती योग्यच आहे, आणि ती कडकपणे पाळली गेली पाहिजे.

माझं शिकणं सुरू झालं एकोणिसाव्या वर्षी. आमचे जुने जॉबर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. धोटा म्हणजे बाण्याचा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. एका मागावरचा धोटा सारखा उडून बाहेर पडत होता. उडालेला धोटा डोळ्याला लागला तर डोळा जातो. मी धोट्याला फटका देणारा पिकर बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा पिकर बदलला. तिसऱ्यांदा मामांनी माझा हात धरला. "तीन पिकर खाल्लेस. धोटा का उडतो ते बघितलंस का?" मग त्यांनी मोटर बंद करून माझ्याकडून माग हाताने फिरवून घेतला, अगदी सावकाश. ताणा वर-खाली फाकून धोट्याला वाट कधी होते आणि धोट्याला फटका कधी बसतो, ते बघायला सांगितलं. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर मला दिसलं की वाट पुरती उघडायच्या आधीच फटका बसतोय. पिकरचा काही दोषच नव्हता. मामांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मधल्या काळात ते कामगाराला त्या मागाजवळ उभं राहू देत नव्हते, स्वतः उभे राहत होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

या एका सकाळीने माझं आयुष्य बदललं. पुढे उन्हाळ्यात दुपारी धागे जास्त तुटायला लागले तेव्हा मी मालकाकडे सुताची तक्रार घेऊन गेलो नाही. आठ दिवस कागदावर वेळ टिपत गेलो. सकाळी कमी, एक ते चार फार. चैत्र-वैशाखात सोलापूरची हवा किती कोरडी होते ते सांगायला नको. कापसाचं सूत ओलाव्यात मजबूत राहतं, सुकलं की ठिसूळ होतं. जमिनीवर पाणी मारायला लागलो, दारं-खिडक्यांना ओली पोती लावली आणि तुटणं कमी झालं. जुनी माणसं पाणी मारत होतीच, पण मी का मारतोय ते मला ठाऊक होतं. माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं, तरी त्यानंतर कुठल्याही शिकलेल्या माणसासमोर बोलताना मला कमीपणा वाटला नाही.

नातीच्या वहीचा विषय माझ्या मनातून जाईना. म्हणून सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, मालकाची परवानगी घेऊन तिला कारखान्यात नेलं. ताण्याचा एक धागा मुद्दाम तोडला आणि म्हणालो, जोड. तिने आपली नेहमीची गाठ मारली. मी माग हाताने फिरवला. ताण्याचे धागे फणीच्या बारीक फटींतून जातात. गाठ फणीशी आली, अडकली, धागा पुन्हा तुटला. दुसरी गाठ अजून घट्ट मारली, तीही तुटली. मी गप्प बसलो, आणि ते फार अवघड होतं. पाचव्या वेळी ती फणीजवळ डोळा नेऊन म्हणाली, "ताता, गाठ जाडी होतेय. या फटीतून जातच नाही." मग मी तिला विणकराची गाठ दाखवली, ती बारीक आणि चपटी असते. ती तिला तासाभराने जमली.

त्याच फणीवरून हिशेबही निघाला. फणीचा नंबर चाळीस, म्हणजे दोन इंचांत चाळीस घरं, म्हणजे फटी. एका घरातून दोन धागे, म्हणजे इंचाला चाळीस. मग तीस इंची टॉवेलला किती? तिने बोटाने हवेत गुणाकार केला आणि बाराशे म्हणताना त्या ताण्याकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदाच दिसला. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे तिच्या वहीत होतं. ते कशासाठी असेल, हा प्रश्न तिने घरी येताना रस्त्यात विचारला.

हाताने करत, चुकत शिकायची ही रीत आपल्या गावाला परकी नाही. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते पेलायचं कसं, हे कुणी फळ्यावर लिहून शिकवलेलं नाही. यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव चालतो, नव्याने उचलणाऱ्याच्या बाजूला जुनी माणसं उभी असतात. तोल जातोय असं दिसलं की हात पुढे येतो, त्याआधी येत नाही.

म्हणून शाळांना माझी विनंती आहे. दहा दिवसांत दहा ठिकाणं दाखवू नका. एका कारागिराकडे चार-पाच दिवस सलग जाऊ द्या, गट लहान ठेवा. चालू यंत्राजवळ मूल नकोच. हातमाग आहे, शिवणकाम आहे, कुंभाराचं चाक आहे, भाकरीची परात आहे. ज्वारीच्या पिठाला कढत पाणी का लागतं, हे एक भाकरी फाटल्याशिवाय कळत नाही. कारागिराला त्याच्या वेळेचे पैसे द्या, कारण मुलांना शिकवताना त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि वहीत तयार चित्रं मागण्याऐवजी ‘माझं काय बिघडलं आणि का बिघडलं’ एवढं एकच पान लिहून घ्या. त्या पानाला गुण द्या.

पूर्व भागात माझ्यासारखे निवृत्त जॉबर, विणकर, रंगारी गल्लोगल्ली आहेत. पारावर बसून दिवस घालवतात, त्यांना कुणी बोलावत नाही. माझ्यापुरतं सांगतो, मला पैसे नकोत. दुपारी चारनंतर मी मोकळा असतो. एक जुनी फणी, दोन धोटे आणि चार लडी सूत घरात आहे. कोणत्याही शाळेने बोलवावं, पिशवी घेऊन येतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जॉबर, पूर्व भाग, सोलापूर