केस पेपरवरचा एक शब्द

मुलुंड,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून आई म्हणेल, काल तर येऊन गेली, तेव्हा बोलायला काय झालं होतं? बोलायलाच आले होते. पण मी बाबांच्या दारूचा विषय काढला की बाबा गॅलरीत जाऊन उभे राहतात आणि तू चहाचं आधण ठेवतेस. म्हणून लिहिते आहे. बाबा, हातात आलेला कागद तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, त्या भरवशावर.

काल तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट सुधारलेत. आता दिवाळीला दोन घोट बिअर घेतली तर काय बिघडतं? ती काय दारू आहे?" आई, तू मान खाली घालून मेथी निवडत राहिलीस. घरी येताना गाडीत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मुलुंडपर्यंत छाती धडधडत होती.

आधी जूनमधल्या रात्रीबद्दल. आई, बाबांना रक्ताची उलटी झाली म्हणून तुझा फोन पावणेदोनला आला. मी पोचले तेव्हा चाळीतल्या पोरांनी बाबांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं होतं, टॅक्सीत घातलं होतं. मोरीत रक्त अजून होतं, ते मी नंतर धुतलं. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतात का?" तू म्हणालीस, "कधीतरी. सणासुदीला." डॉक्टरांनी केस पेपरवर एक इंग्रजी शब्द लिहिला, ऑकेजनल. मी शेजारीच उभी होते, तो शब्द लिहिताना पाहिला आणि गप्प बसले. बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मुद्रितात पकडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या कागदावर चूक पडली आणि ती खोडायला घरातलं कुणी पुढे आलं नाही.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते बाबांना आठवत नाही आणि आई त्याबद्दल बोलत नाही. तुमचे हात थरथरत होते, चादर घामाने ओली झाली होती, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. आणि तुमची बोटं चादरीवरून काहीतरी उचलत होती, एकेक, एकेक, आणि डाव्या हातात ठेवत होती. डॉक्टरांना कळेना. मला कळलं. तुम्ही खिळे, छापखान्यातली ती धातूची सुटी अक्षरं, जुळवत होता. मध्येच ओरडलात, "फर्मा बांधला का?" चाळीस वर्षांपूर्वीच्या छापखान्यात होता तुम्ही, आणि आई तुमचे पाय धरून रडत होती.

डॉक्टरांपुढचा पेच मला नंतर समजला. पोटात वाहिलेलं रक्त आतड्यात पचतं, त्यातून अमोनिया तयार होतो. लिव्हर धड असेल तर तो निपटून टाकतं, नसेल तर तो मेंदूपर्यंत जातो आणि माणूस बरळायला लागतो. संसर्ग झाला तरी बरळतो. आणि रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेच होतं. दिसायला सगळं सारखं, उपचार मात्र वेगळे. दारू तुटल्यामुळे असेल तर शांत करणारं औषध द्यावं लागतं, आणि तेच औषध अमोनिया चढलेल्या माणसाला आणखी बेशुद्धीत ढकलू शकतं. केस पेपर म्हणत होता ऑकेजनल, म्हणून तो धागा मागे पडला. अर्धा दिवस गेला. शेवटी रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर मुलीने मला पॅसेजमध्ये नेलं आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा." मी सांगितलं. रोज एक क्वार्टर, पगाराच्या दिवसांत दीड, बावीस वर्षं.

आई, मी तुला दोष देत नाही. त्या क्षणी चाळीतली चार पोरं तिथे उभी होती. "आमच्या घरात तसलं काही नाही" या एका वाक्यावर तू माझं लग्न जमवलंस, दादाची नोकरी लागेपर्यंत घर उभं ठेवलंस. पण डॉक्टर म्हणजे शेजारी नव्हेत. त्यांच्यापुढे अब्रू राखायला गेलो आणि बाबांना गमावून बसलो असतो.

त्या डॉक्टर मुलीने मला एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. तो कागद मी जपून ठेवलाय. पोटातलं, आतड्यातलं, प्लीहेतलं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये येतं. दारूने लिव्हरवर वर्षानुवर्षं वण पडत गेले की ते दगडासारखं होतं, रक्ताला आत शिरायला वाट राहत नाही. लालबागचा पूल बंद असला की गाड्या जशा मागच्या गल्ल्यांत घुसतात, तसं ते रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांमध्ये घुसतं. त्या शिरा एवढा भार सोसण्यासाठी नसतात. त्या फुगतात आणि एक दिवस फुटतात. वर प्लीहा सुजलेली असते, ती प्लेटलेट्स अडवून ठेवते. रक्त गोठायला लागणारे घटक लिव्हरच बनवतं, तेही कमी पडलेले असतात.

म्हणजे रक्तस्राव हा वेगळा आजार नव्हता. तो लिव्हरचाच आजार तोंडावाटे बाहेर आला.

अशा रक्तस्रावात माणूस वाचतो की नाही, हे किती रक्त गेलं यापेक्षा लिव्हर किती शिल्लक आहे यावर जास्त ठरतं. फ्रान्समधल्या एका रुग्णालयाच्या नोंदींत १९८० साली असे शंभरातले चाळीसहून जास्त रुग्ण रुग्णालयातच दगावत होते. २००० साली पंधराच्या आसपास. दुर्बिणीतून शिरांना रबरी बँड लावणं, त्या शिरांमधला दाब उतरवणारी इंजेक्शनं, पहिल्या तासांपासून अँटिबायोटिक, यांनी हा फरक पडला. आजही सहा आठवड्यांत शंभरातले पंधरा-वीस जातात. त्यातले बरेच रक्त जाऊन नाही, तर मागाहून संसर्ग होऊन, किडनी बसून, लिव्हरनेच हात टेकून जातात. ज्यांचं लिव्हर बऱ्यापैकी चालतंय त्यांतलं क्वचितच कुणी जातं. ज्यांचं पार थकलंय त्यांत तिघांमागे एक.

आई, तू तेव्हा डॉक्टरांवर चिडली होतीस. दोन बाटल्या रक्त चढवून का थांबले, दादा तर अजून दाते गोळा करत होता. बाबांचं हिमोग्लोबिन ६.८ होतं, दोन बाटल्यांनी ७.९ झालं आणि त्यांनी हात आखडला. मलाही ते कंजूषपणाचं वाटलं होतं. पण जास्त रक्त भरलं तर त्याच शिरांमधला दाब पुन्हा वाढतो आणि जखम पुन्हा वाहते. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१३ साली हे मोजून दाखवलं: बेताने रक्त दिलेले रुग्ण जास्त संख्येने वाचले. आपल्या डॉक्टरांनी बरोबरच केलं होतं. पुढच्या वेळी भेटशील तेव्हा त्या सिस्टरशी नीट बोल, तिला तू फार लागट बोलली होतीस.

आता बाबांचे रिपोर्ट. डॉक्टर पाच गोष्टींना गुण देतात: कावीळ किती, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन किती, रक्त गोठायला वेळ किती, पोटात पाणी आहे का, डोकं ठिकाणावर आहे का. बेरीज जितकी जास्त तितकं वाईट. जूनमध्ये बाबांची बेरीज ९ होती. १० झाली असती तर शेवटच्या वर्गात गेले असते, त्या तिघांमागे एक वाल्यांत. परवा ती ७ आली. काविळीचं बिलिरुबिन २.८ वरून १.७. पाणी आहे, पण गोळ्यांवर ताब्यात आहे.

बाबा, हे दोन गुण कशाने कमी झाले? बँडने शिरा आवळल्या, त्याने लिव्हर सुधारत नाही. कार्व्हेडिलॉलच्या गोळीने त्या शिरांमधला दाब उतरतो, त्यानेही कावीळ उतरत नाही. साडेतीन महिने तुम्ही थेंब घेतला नाहीत, त्याने उतरली. हे तुम्ही केलंत. शेजारच्या रूममध्ये कॅरमवर बाटली फिरत असताना तुम्ही घरी येऊन पेपर वाचत बसलात, हे मला आईने सांगितलंय. मी तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही, पण मला तुमचा फार अभिमान वाटला. म्हणूनच कालचं वाक्य इतकं लागलं. ज्याच्यामुळे रिपोर्ट सुधारला, तेच रिपोर्ट सुधारला म्हणून सोडून द्यायचं?

बिअर म्हणजे दारू नव्हे म्हणालात, तर हिशोब करा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिली, ८ टक्के धरली तर ४० ग्रॅम. लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. आणि "प्रेसमधले सगळेच प्यायचे, त्यांना कुठे काय झालं" हेही खरं आहे. रोज पिणाऱ्यांतल्या सगळ्यांना सिरोसिस, म्हणजे वण पडून लिव्हर दगडासारखं होणं, होत नाही. तुम्हाला झालाय. त्यांचा हिशोब तुम्हाला लागू नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९६८ साली दारूमुळे सिरोसिस झालेल्यांचा पाच वर्षांचा हिशोब मांडला होता. ज्यांनी सोडली त्यांच्यातले शंभरात साठहून जास्त हयात होते, जे पीत राहिले त्यांच्यातले चाळीसच्या आसपास. तेव्हा बँडिंग नव्हतं, आजची औषधं नव्हती. फक्त सोडण्याचा हा फरक. काही माणसांचं लिव्हर अशा कारणांनी खराब होतं की ती काढून टाकता येत नाहीत. तुमचं कारण काढून टाकता येतं. मी या एका गोष्टीला धरून बसले आहे.

खोटी आशा मात्र देणार नाही. एकदा रक्त आलं की ते पुन्हा येऊ शकतं. काहीच उपचार केले नाहीत तर वर्ष-दोन वर्षांत शंभरातल्या साठ जणांना परत येतं. म्हणून बँडिंगच्या तारखा चुकवायच्या नाहीत आणि कार्व्हेडिलॉल मनाने बंद करायची नाही. शी डांबरासारखी काळी झाली तर त्याच तासाला सांगायचं. बाबा, जूनमध्ये दोन दिवस काळी होत होती आणि तुम्ही म्हणालात लोहाच्या गोळ्यांनी असेल. तसं झालं तर आता चाळीतल्या पोरांच्या आधी १०८ ला फोन.

आई, आता तुझ्याशी. डब्यांच्या फळीवर लवंगेच्या डब्यामागे मला ती पुडी सापडली. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींवरची, पिणाऱ्याच्या नकळत चहातून द्यायची. ती मी फेकून दिली, रागावू नकोस. त्यात काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नाही, आणि दारूची शिसारी आणणारी काही औषधं लिव्हरलाच घातक असतात. गुळवेलीचा काढाही बंद कर. २०२१ मध्ये आपल्या मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. तुला वाटतं तू काहीतरी करते आहेस, मला कळतं ते. करायचंच तर रात्री झोपताना बाबांना काहीतरी खायला दे: दूध, दोन चपात्या, मुगाचं घावन. लिव्हरवाल्यांना डाळ-अंडी बंद करायची हे जुनं झालं, डॉक्टरांनी मुद्दाम प्रथिनं वाढवायला सांगितलीत. लोणचं आणि पापड मात्र खरोखरच बंद.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या बैठका मुंबईत १९५७ पासून चालतात, मराठीतही होतात. मी फोन करून वेळ विचारली आहे. बाबा, एकदा माझ्याबरोबर चला, मागच्या खुर्चीवर बसा, बोलू नका. घरच्यांसाठी अल-अनॉन असतं, आई, तिथे तुझ्यासारख्या बायका असतात. बावीस वर्षं जे कुणाला सांगितलं नाहीस ते तिथे सांगितलंस तरी चाळीत कुणाला कळणार नाही.

गुरुवारी ओपीडी आहे. मी सकाळी साडेसहाला खाली टॅक्सी घेऊन येते. केस पेपरवर तो शब्द अजून तसाच आहे, खाली दुसऱ्या शाईत त्या डॉक्टर मुलीने बरोबर माहिती लिहिली असली तरी. आई, या वेळी डॉक्टरांनी विचारलं तर तू सांग. मी शेजारी उभी असेन. आणि बाबा, तो शब्द खोडायला तुम्हीच सांगा.

तुमची लेक

ता. क. बाबा, गुडघा दुखला तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडची ती वेदनाशामक गोळी घेऊ नका. तिने पोटात पुन्हा रक्त येऊ शकतं, किडनीवरही ताण येतो. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल चालेल म्हटलंय, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. कालनिर्णयवर गुरुवारच्या चौकोनात मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय.