'डोळ्याबदल्यात डोळा'चा अर्थ

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात 'डोळ्याबदल्यात डोळा' हा ज्यूंचा सूडाचा कायदा असं सरळ लिहून टाकलंय, वाचून खरंच वाईट वाटलं. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, ते शब्द आहेत, मान्य, पण ज्यू परंपरेत नुसते शब्द घेऊन चालत नाही, रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) लावलेला अर्थ सोबत लागतो आणि साधारण इ.स. 200 च्या मिश्नात, म्हणजे रब्बींच्या कायद्यांच्या संग्रहात, तो स्पष्ट आहे, इजा करणाऱ्याने पैसे भरायचे, नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि झालेला अपमान (हो, अपमानाचेसुद्धा!). मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदमध्ये तर विचारलंय, एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, मग बरोबरी होणार कशी? आणि आंधळ्यानेच कोणाचा डोळा फोडला तर त्याचं काय काढणार? पुढच्या रविवारी कृपया दुरुस्ती छापा.

– एक वाचक, ठाणे