बाळ काचेत, आई व्हरांड्यात

महोदय,

जंतुसंसर्ग झालेलं तान्हं बाळ खेड्यातून जिल्ह्याच्या नवजात कक्षात पोहोचतं. उपचार अन् ॲम्ब्युलन्स फुकट. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तशी तरतूदच आहे. पण ओल्या बाळंतिणीने आणि सोबतच्या आजीने राहायचं कुठे? ऐन भाताच्या रोवणीत बापाची मजुरी बुडते, ती वेगळीच. अशा बाळाला आईचं दूध लागतं, म्हणून तिला कक्षाजवळच खाट आणि दोन वेळचं गरम जेवण द्या. डॉक्टरांनी रोज एकदा बाळाची तब्येत समजावून सांगावी, गोंडी कुटुंबाला गोंडीतून. काहीच कळत नाही तेव्हा माणसं बाळ उचलून पुजाऱ्याकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेतात. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर आशाताईंच्या, बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंतच्या, घरभेटी चुकू नयेत.

— एक निवृत्त शिक्षक, कुरखेडा (जि. गडचिरोली)